खुंटीवरची टोपी

मी टोपी. लोकरीची, करड्या रंगाची, अंगभर पीळ असलेली. सलूनमधल्या खुंटीवर लटकलेली दिसते ना, तीच. टोपीला काय सांगण्यासारखं असणार, असं वाटत असेल तर जरा बसा. तुमचा नंबर यायला अजून वेळ आहे.

या सलूनच्या मालकाचे केस लांबलेल्या तापात झडले. दुसरा कुणी थोडा हळहळून कामाला लागला असता. पण हा पडला केस कापणारा! "टकल्याकडे केस कापायला कोण येणार, ताई?" म्हणत तो घरीच बसला. दुकानभर आरसे, त्यांचीच त्याला धास्ती. स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवायचीही हिंमत होईना. दुकान कायमचं बंद व्हायची वेळ आली.

थोरल्या बहिणीला हे बघवेना. तिने गोल सुई काढली आणि मला विणायला घेतलं. गोल विणलं की शिवण येत नाही, कपाळाला टोचत नाही. मधूनच काही टाके जादा सुईवर बाजूला काढायचे, शेजारच्यांवरून ओलांडायचे, की पडला पीळ. माप मात्र तिने त्याच्या जुन्या साध्या टोपीचं घेतलं. पिळांनी वीण आवळते, हे ती साफ विसरली. मी कानांपर्यंत पोचलेच नाही!

"ताई, ही माझ्यासाठी आहे की चहाच्या किटलीसाठी?" तो हसला. कित्येक दिवसांनी हसला.

"गप रे! उसवते सगळी."

"आणि पुन्हा तेच करशील. डोक्याचं माप मला विचारायचं की! जन्मभर डोकीच तर हाताळली."

त्याने तिची टेप उचलली आणि स्वतःच्या डोक्याभोवती धरली. बोटं टकलावरून फिरली, फिरतच राहिली. ताई खाली मान घालून उसवत बसली. उसवताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या खेपेला तिने पिळांसाठी टाके वाढवले आणि मी नेमकी मापाची झाले. मला घालून त्याने दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक निवृत्त पोस्टमन. कात्री चालू झाली आणि माझ्याखाली घामाच्या धारा लागल्या.

"अहो, काढा की ती टोपी! घाम माझ्या मानेवर पडतोय."

त्याने आरशात पाहिलं. माझ्या काठाला हात लावला, थबकला. मग मला काढलं.

पोस्टमनकाकांनी एकवार बघितलं. "हां, आता बरं. कल्ले जरा बारीक ठेवा."

झालं! एवढ्यासाठी हा माणूस तोंड लपवून बसला होता.

तेव्हापासून दिवसभर मी या खुंटीवर असते. संध्याकाळी घरी जाताना थंडीत तेवढी डोक्यावर. कुणी म्हणतं, बिचारी लटकूनच राहते. कृपा करून माझी कीव करू नका. तो मला काढून ठेवतो, याचाच मला आनंद आहे.

चला, खुर्ची रिकामी झाली. बसा.