जास्तीची फाईल

"थांब रसिका, एंटर दाबू नकोस," सोनटक्के काका म्हणाले, आणि माझं बोट तसंच वर राहिलं.

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी ऑफिसात कर्मचाऱ्यांची सर्व्हिस बुकं, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या वह्या, स्कॅन झाली होती. जुन्या लोकांपासून या महिन्यात रिटायर होणाऱ्यांपर्यंत सगळ्यांची. स्कॅनरने प्रत्येक वहीची एक फाईल करून तिला नुसता आकडा दिला होता. बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, गुणवंत सोनटक्के यांनी त्याच क्रमाने नावांची यादी टाइप केली होती, आणि ती नावं ओळीने फायलींना लावणारी स्क्रिप्ट लिहिली होती मी, पुण्याहून कंत्राटावर आलेल्या शहाणीने. सोमवारी मूळ वह्या रद्दीत जाणार होत्या. काकांचा आज नोकरीचा शेवटचा दिवस होता, आणि मला घरी जायचे वेध लागले होते.

"नावं ४३१२, फायली ४३१३. ही जास्तीची कुठली?"

"कोरी असेल काका. शेवटी उरेल ती डिलीट मारू. चलो, करूया ना?"

"आधी २११७ उघड."

यादीप्रमाणे ती शंकर शिपायाची. पहिल्याच पानावर झोकदार सही होती.

"शंकरला सही येत नव्हती. अंगठा लावायचा," काका म्हणाले. "त्याची बायको, अहिल्याबाई, सोमवारी त्याच्या नोकरीचा दाखला न्यायला येणार आहे. तिला दुसऱ्याची सही दाखवणार?"

माझा चेहरा उतरला. मग आम्ही शोधायला बसलो. हजारावी फाईल बरोबर, दोन हजारावी चूक, पंधराशेवी बरोबर. असं निम्मं निम्मं करत १६०४ वर पोचलो. नरसिंह ड्रायव्हर. अडतीस वर्षांची नोकरी. पहिली वही भरली म्हणून दुसरी काढलेली. फायली दोन, यादीत नाव एकदाच. तिथून पुढे प्रत्येकाच्या वहीला पुढच्याचं नाव लागणार होतं.

"चूक माझी," काका म्हणाले. "मी माणसं मोजली, वह्या मोजायला हव्या होत्या." दुसऱ्या कुणी जाता जाता हे माझ्या गळ्यात घातलं असतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने यादीत नवी ओळ टाइप केली: नरसिंह, भाग दोन.

स्क्रिप्ट मिनिटभरात संपली. त्यांनी फक्त शंकरची फाईल उघडायला लावली. निळा अंगठा दिसला. "बिल्कुल ठीक," म्हणून ते कपाटाच्या चाव्या जमा करायला गेले.

मी सहज शेवटची, ४३१३ वी फाईल पाहिली. नाव लागलं होतं, गुणवंत सोनटक्के. आत दाट केसांच्या एका तरुणाचा फोटो, आणि पुढे छत्तीस वर्षं. हीच मी डिलीट मारणार होते.

यादी त्यांनीच केलेली. शेवटी कोण आहे, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी ते शंकरचंच बोलत राहिले. माझे डोळे भरून आले.

काका परत आले, रिकामा डबा पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "तुला उशीर झाला ना गं माझ्यामुळे?"