काठाचे टाके

नळीच्या तळाशी थेंब होता. होता म्हणजे काय, नळी उजेडाकडे तिरकी धरली की काहीतरी लकाकायचं, तेवढंच... आणि त्या एवढ्याशा थेंबात तिने काल घडवलेल्या अब्जावधी चौकटी तरंगत असणार, हे इतक्या वर्षांनंतरही तिला मानूनच चालावं लागायचं. एक लांबच लांब धागा, डीएनएचा, आणि त्याला जागच्या जागी दुमडून धरणारे त्याचेच शेकडो छोटे तुकडे. प्रयोगशाळेत सगळे त्यांना टाके म्हणत. सगळं एकत्र करायचं, तापवायचं, मग सावकाश गार होऊ द्यायचं. धागा आपला आपण चौकटीची घडी घालून बसतो.

“डीएनए म्हणजे कोण कुणाचा ते बघतात, तेच ना?” ताईने घरी राहायला आल्या आल्या विचारलं होतं.

“नाही गं. आमच्याकडे कोणी कुणाचं नसतं. नुसता दोरा म्हणून वापरतो.”

“म्हणजे शिवणकामच की! मग एवढं शिकलीस कशाला?” ताई हसली होती. जन्मभर मशीन चालवलेली बाई. भावजी गेल्यानंतर पहिल्यांदाच हसली असावी, आणि आपण मात्र तिला बसवून टाक्यांचं रसायन समजावत राहिलो.

“जरा इकडे या,” सूक्ष्मदर्शकावरच्या सहकाऱ्याने हाक मारली. “तुमच्या त्या तुसड्या चौकटी आज गळ्यात गळे घालून बसल्यात.”

पडद्यावर लांब रांगा होत्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला तिसरी, मध्ये फट नाही. तिला क्षणात कळलं. चौकटीचे काठ उघडे राहिले तर शेजारणीचा उघडा काठ येऊन चिकटतो, म्हणून काठावर वेगळे टाके घालतात, मोकळ्या शेपट्यांचे. त्या शेपट्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. तिच्या चौकटींची ख्यातीच ती होती, सुट्या, स्वच्छ, एकमेकींना न शिवणाऱ्या. आणि काल तिने काठाचे टाके घातलेच नव्हते. नवशिक्याने करावी अशी चूक.

“फेकून द्या,” ती म्हणाली. “मी पुन्हा करते.”

“देतो. पण दिसतायत मात्र झकास.”

काल डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय. परवा जेवताना ताई ताटाकडे बघत म्हणाली होती, “उद्या नाही, परवा निघावं म्हणते. पाचची बस आहे.” आणि जरा थांबून, “तू म्हणालीस तर राहते.” त्यावर आपण काय म्हणालो? “तुला बरं वाटेल तसं कर.” किती समंजस वाक्य. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. ताईने मान हलवली आणि ताटं उचलली. तिकडे तिचं बंद घर आहे, भावजींची खुर्ची आहे, आणि शिलाईला येणाऱ्या बायकाही आता दुसरीकडे जातात... हे सगळं ठाऊक असून आपण ते वाक्य बोललो. की ठाऊक होतं म्हणूनच?

चौकटींवरून धडे घेण्याइतकी ती हळवी नव्हती. चौकटींना सवयी नसतात. ताईला होत्या. नळ नीट बंद करायची नाही, सगळे डबे दुसऱ्या फळीवर हलवलेले, आणि दार उघडताच आतून रोज “आलीस?” आता समोर उभी आहे ती दिसत असताना हे काय विचारणं! ती नुसतं “हं” म्हणून खोलीत जायची. आज जाईल तेव्हा कोणी विचारणार नाही. या विचाराने तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

तिने बाहेरच्या जिन्यात जाऊन घरी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बोलायचं ते आधी ठरवल्याशिवाय तिने कधी कुणाला फोन केला नव्हता.

“बरं झालं केलास,” ताई घाईत होती. “निघायच्या आधी भाजी टाकून ठेवते. तुझ्यापुरतीच करू ना?”

“दोघींची कर.”

पलीकडे नळ वाहत होता.

“अगं, मी पाचला निघतेय.”

“माहीत आहे मला.”

पलीकडचा नळ बंद झाला. एरवी अशा जागी हिच्या तोंडून एखादं समंजस वाक्य आपसूक निघालं असतं, आत्ताही जिभेशी येऊन थांबलं होतं. तिने ते गिळलं. ताई नको म्हणेल याची भीती होती आणि हो म्हणेल याचीही, आणि फोन कानाशी घट्ट धरून ती उभी राहिली, इतकी उघडी की जिन्यातून कोणी वर आलं असतं तर तिला लाज वाटली असती.