मंजुळेची वही

“अहो रामकिसन सर, मंजुळेची वही आणा!” मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातूनच हाक मारली. तपासणीला साहेब आले होते.

सातवीतल्या मंजुळेला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पण फळ्यावरचं असं उतरवायची, की छापील पुस्तकानं लाजावं. साहेब वही पाहून खूश झाले, सगळ्यांसोबत शिकणारी मुलगी म्हणून तिच्याबरोबर फोटो काढून निघून गेले. रामकिसन सर मनातून चडफडले. खुणांनी शिकवणारा शिक्षक द्या, असं त्यांनी एकदा मुख्याध्यापकांना म्हटलं होतं. “एवढी चांगली वही असताना कशाला?” असं उत्तर मिळालं. झाकली मूठ सव्वा लाखाची! मग चाळीस पोरांच्या गलक्यात त्यांनीही विषय सोडून दिला होता.

दुपारी तिची आई बानाबाई आली. हातात घरकुलाचा कोरा अर्ज होता.

“सर, मालक मेंढरं घिऊन लांब गेल्यात. समदे म्हंतेत, लेक सातवीत हाय, तिच्याकडूनच लिवून घे. पर घरी पेनच उचलना. तुमच्याम्होरं लिवील.”

“काय लिहायचंय?”

“आधी बापाचं नाव.”

बानाबाईनं हवेतच मिशीला पीळ दिला. मंजुळा खुदकन हसली, खिडकीबाहेर माळाकडं बोट दाखवून तिनं मेंढरं हाकल्यासारखा हात हलवला. मायलेकींचं बोलणं झालंसुद्धा. तीन वर्षांत या खुणा सरांनी एकदाही विचारल्या नव्हत्या.

बानाबाईनं लेकीच्या हातात पेन दिलं. मंजुळेनं फळ्याकडं पाहिलं. फळा पुसलेला होता.

सरांनी तिची वही ओढली. वर तिच्याच वळणदार अक्षरात होतं, मंजुळा सोनाजी. त्यांनी ‘सोनाजी’वर बोट ठेवलं आणि मिशीला पीळ दिला. ती गोंधळून बघत राहिली. सात वर्षं ती बापाचं नाव लिहीत होती, आणि ते बापाचं आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“हुशार हाय ना वो ती?” बानाबाईनं हळूच विचारलं. “साहेब लोक तर तसंच म्हंतेत.”

“हुशार आहे, बाई. आम्हीच...” सरांनी वही मिटली. स्वतःचाच इतका संताप त्यांना कधी आला नव्हता.

सर अडलेत, एवढं मंजुळेला कळलं. ती उठली, खोक्यातून खडू काढून तिनं सरांच्या हातात ठेवला. मग वही उघडून, पेन सरसावून फळ्यासमोर बसली.