व्हरांड्यातल्या खुर्च्या

डॉक्टर होते दातांचे, पण ऐट वैमानिकाची. छोटं विमान घेतल्यापासून त्यांनी ते दोनदा आपटलं होतं. पहिल्यांदा पुढचं चाक मोडलं, दोष वाऱ्याचा. दुसऱ्यांदा धावपट्टी संपली तरी विमान थांबेना. ते कुंपणात घुसलं आणि डॉक्टरांचा खांदा निखळला, दोष उन्हाचा.

"अहो, ऊन तुमच्या पाठीमागे होतं," बायको म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

तिला एवढंच कळत होतं, की उतरणं बिघडतंय असं वाटलं तर विमान पुन्हा वर न्यायचं आणि फेरी मारून परत यायचं. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. पण फ्लाइंग क्लबच्या व्हरांड्यात धावपट्टीकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या असत. त्यांत बसणाऱ्या सभासदांची स्वतःची विमानं दुरुस्तीला पडलेली, तोंडं मात्र धडधाकट. कोणी परत वर गेला की यांची करमणूक. त्यांनी हसू नये म्हणून डॉक्टर कसंही करून खाली येत.

आज दुरुस्तीनंतरचं पहिलं उड्डाण. या वेळी नुसत्या खांद्यावर भागणार नाही, म्हणून तीही क्लबवर आली होती.

"काय वहिनी," एका खुर्चीतून वकील म्हणाले, "आज डॉक्टर काय उपटणार? धावपट्टी?"

"भाऊजी, तुमचं विमान झाडावरून काढलं का हो?"

वकील चहा पिऊ लागले.

विमान परतताना दिसलं, तशी तिने हाक दिली, "मागच्या हिरवळीवर केक ठेवलाय. माझ्याकडून!"

आग लागली असती तरी व्हरांडा इतक्या झटपट रिकामा झाला नसता. वकील तर खुर्चीही घेऊन गेले.

ती कुंपणाशी उभी राहिली. विमान फार उंचावरून, फार वेगात आलं. तोच इंजिन गरजलं आणि विमान रिकाम्या व्हरांड्यावरून वर गेलं. पुढच्या खेपेलाही वरच गेलं. मग मात्र चाकं हलकेच टेकली.

डॉक्टर उतरले, व्हरांड्याकडे पाहून हिरमुसले.

"अगं, इतकं अलगद उतरवलं, आणि बघायला एक माणूस नाही?"

"म्हणूनच उतरलं," ती म्हणाली. "चला, केक उरला असेल तर."

पुढच्या रविवारी केक मोठा करायचा, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.