कुंपणआजीचा घेवडा

कुंपणआजी त्या दिवशीही भांडायलाच आली होती. तिचं शेत शाळेला लागून, आणि मधल्या कुंपणाला एक पोर आरामात निसटेल एवढं भोक. कोवळ्या शेंगा त्या भोकातून पोरांच्या खिशात जायच्या, आणि महिन्यातून दोनदा म्हातारी पदर खोचून पहिलीच्या वर्गाच्या दारात उभी राहायची. खरं सांगायचं तर ते भोक तिनं दोन काट्यांच्या फांद्या टाकून केव्हाच बुजवलं असतं. पण मग भांडायला कुणाकडे जायचं? नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा रविवारी फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, आणि उत्तर ऐकायच्या आत ठेवायचा. उरलेले सहा दिवस ती म्हशीशी बोलायची, आणि म्हैस आपली रवंथ करायची.

पहिलीच्या बाई नव्या होत्या. त्यांनी तिचं सगळं भांडण शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की पोरांना शेंगा कुठून येतात हेच माहीत नाही, तुम्ही शिकवा की. थंडी सुरू झालीय, घेवडा लावायचे दिवस आहेत, एकेका पोराला एकेक डबा देऊ.

"किती दिवसांत उगवतो हो आजी?"

"आठ."

"मग आठ दिवस रोज सकाळी अर्धा तास या."

म्हातारी घरी गेली ती भांडण अर्धंच ठेवून.

पहिल्या दिवशी तिनं पोतंभर माती नेली. चौदा पोरं मातीत कोपरापर्यंत हात घालून बसली. खडे वेगळे काढा म्हटलं तर निम्म्या पोरांनी खडे खिशात घातले. एकानं माती चाखूनही पाहिली. बाईंनी पाटीवर 'माती' लिहिलं आणि पोरांनी मळक्या बोटांनी ते गिरवलं. कुणी तिच्या खांद्याला टेकलं, कुणी तिच्या हाताच्या भेगा मोजल्या. पोरांचं मोजणं वीसपर्यंतच, त्यामुळे भेगा उरल्या. त्या संध्याकाळी म्हशीला सांगायला तिच्याकडे इतकं काही होतं की धार काढायची राहूनच गेली.

मात्र अंथरुणावर पडल्यावर तिनं हिशेब केला. एक दिवस गेला, सातच उरले. नंतर पुन्हा तेच घर आणि त्याच भिंती. आता भांडायलाही तोंड राहिलं नव्हतं, कारण त्या पोरांवर रागवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी पेरणी. घेवडा बोटाच्या एका पेराइतकाच खोल घालायचा असतो. हे तिला आई सांगून गेली होती आणि तिनं पन्नास वर्षं तसंच केलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"सगळं बोट आत जाऊ द्या," ती म्हणाली. "वरून माती घट्ट दाबा. पाणी भरपूर घाला."

चौदा बोटं मुळापर्यंत मातीत गेली. एवढ्या खोल, दाबलेल्या मातीत बी वर यायला दुप्पट दिवस घेणार, हे तिला ठाऊक होतं. तिला तेवढेच हवे होते. शेतकरणीनं मातीशी खोटं बोलू नये, हेही ठाऊक होतं.

आठवा दिवस आला, डबे काळेच. दहावा आला, बारावा आला. पोरं रोज नाकं डब्यात घालून बसायची. पी हळद आणि हो गोरी, असा त्यांचा कारभार. बाईंनी सहज विचारलं, वेळ लागतोय का हो? चोराच्या मनात चांदणं. म्हातारीनं नजर चुकवून थंडीवर ढकललं. आतून मात्र ती खुशीत होती. एव्हाना तिला चौदाही जणांचे दात कुठले पडलेत आणि कुठले हलताहेत ते पाठ झालं होतं.

त्या चौदांत एक दातपडकी होती. आईबाप कामासाठी लांब गेलेले, ती मावशीकडे राहायची. तिला धीर निघत नसे. ती रोज बी उकरून बघायची आणि पुन्हा पुरायची. तेराव्या दिवशी म्हातारी वर्गात आली तर दातपडकी कोपऱ्यात एकटी बसलेली, डबा मांडीवर घेऊन. बाकीची पोरं तिच्यापासून हातभर लांब सरकली होती.

म्हातारीनं विचारलं तेव्हा बाकीच्यांनीच उत्तर दिलं. हिनं रोज उकरलं म्हणून सगळ्यांचंच बी रुसलं. आता हिच्याशेजारी कुणी बसायचं नाही, असं ठरलंय.

दातपडकीनं मान वर केली. "मी आता हात पण नाही लावत," ती म्हणाली. "तरी येत नाही."

एकटं बसणं काय असतं ते म्हातारीइतकं त्या वर्गात कुणाला माहीत नव्हतं, आणि तेच तिनं सहा वर्षांच्या पोरीच्या पदरात घातलं होतं. तिला स्वतःची शिसारी आली. तिनं जवळचा डबा उचलला आणि फरशीवर पालथा केला. चिखलातून बी निघालं ते कुजलेलं. दुसरा डबा पालथा केला, तेच.

"हिनं काही केलेलं नाही," म्हातारी बाईंकडे बघत म्हणाली. "एक पेर खोल घालायचं असतं. मी सगळं बोट सांगितलं. मुद्दाम. उगवलं असतं तर मला इथं कोण बोलावणार होतं?"

पोरं विचारात पडली. शेवटी पहिल्या रांगेतला एक जाड्या उठला.

"तू शाळेत यायला खोटं बोललीस? आम्ही तर न यायला बोलतो."

बाईंना हसू आवरलं नाही. म्हातारीला रडू आवरलं नाही. पोरांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि आपापले डबे रिकामे करायला घेतले.

नवी पेरणी झाली. या वेळी म्हातारीनं प्रत्येकाचं बोट धरून पेर दाखवलं आणि दातपडकीला मध्यभागी बसवलं. बाईंनी नंतर एका शब्दानं विषय काढला नाही, पण "आणखी या" असंही म्हणाल्या नाहीत. म्हातारीनंही विचारलं नाही. केल्या कामाची भरपाई करून निघायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

सातव्या दिवशी माती तडकली. आठव्या दिवशी वाकलेल्या मानेचे हिरवे कोंब वर आले आणि वर्गात जो गोंधळ झाला त्यानं शेजारच्या दुसरीची पोरं खिडकीत गोळा झाली. तेरा डब्यांत कोंब. दातपडकीचा डबा तेवढा काळाच.

म्हातारीनं मातीत बोट घातलं. वर बी नव्हतं. बोट आणखी आत गेलं, मुळापर्यंत गेलं, आणि तळाशी बी लागलं. वरची माती घट्ट दाबलेली होती. दाबणाऱ्या इवल्या अंगठ्याचा ठसा अजून दिसत होता.

तिनं पोरीकडे बघितलं. पोर जमिनीकडे बघत होती.

"माझं अजून नाही आलं," दातपडकी हळूच म्हणाली. "येईपर्यंत तुला यावं लागेल ना?"

हो म्हणायचा म्हातारीला अधिकार नव्हता आणि नाही म्हणायचं बळ नव्हतं. ती डबा धरून तशीच उभी राहिली.

बाई फळा पुसत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आजी, उद्या आम्ही अंगणात सावल्या मोजणार आहोत. थंडीत त्या लांब का होतात ते मला पुस्तकातून सांगता येतं. पण सावली बघून वेळ ओळखायला इथं तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

"मला शेतात कामं पडलीत," म्हातारी म्हणाली. तिच्या शेतात त्या दिवसांत काडीचंही काम नव्हतं. तिनं दातपडकीच्या डब्यातलं बी एका पेरावर आणून ठेवलं, वर भुसभुशीत माती सारली, आणि पदरानं नाक पुसलं.

"किती वाजता येऊ?"