पडवळाचा दगड

पडवळ गेलं याचं आवडाबाईंना एवढं काही वाटलं नसतं. परसात वानरं उतरतात, रस्त्यावरून जाणाऱ्याचाही कधी हात वळवळतो. पण वानर जाताना दगड सोडवून ठेवत नाही.

रविवार होता. काशीदच्या अलीकडच्या त्या गावात आवडाबाईंच्या घरचा आठवडा परसातूनच सुरू होई. सकाळचा चहा झाला की त्या काठी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडत. सून क्रांती टोपली घेऊन मागोमाग चाले, आणि एकेका वेलाशी थांबत आवडाबाई आठवड्याचा बेत सांगत. परसात असेल तेच ताटात येई, आणि त्या म्हणतील त्याच दिवशी येई. मुलगा गणराज ट्रेलर घेऊन दूरदूर असायचा. पण तोसुद्धा फोनवर ‘आज काय केलंय’ असं न विचारता ‘आज काय ठरलंय’ असं विचारी.

“सोमवारी वालाचं बिरडं,” आवडाबाई म्हणाल्या. “मंगळवारी भेंडी. कोवळी खुड, मागच्या खेपेला दातांत दोऱ्या आल्या. बुधवारी गणपती बसतील, त्या दिवशी लाल भोपळा. पडवळाला, अळवाला आन् माठाला गुरुवारपर्यंत कोणी हात लावायचा न्हाय.”

“व्हय आई,” क्रांती म्हणाली.

गुरुवारी ऋषीपंचमी होती. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचा घास तोंडात घालायचा नाही, हा नेम आवडाबाईंनी या घरात आल्यापासून मोडला नव्हता. सारं परस कुदळीने खणलेलं. नांगराचा फाळ त्या मातीला कधी लागला नव्हता. बाजारातली भाजी कोणत्या शेतातली, ते शेत कोणी नांगरलं, हे कोण सांगणार? म्हणून ऋषीच्या भाजीत पडायचं ते याच परसातलं. आणि त्या भाजीत पडवळ नसेल तर ती ऋषीची भाजीच नव्हे, असं आवडाबाईंचं मत होतं. त्यांच्या मताविरुद्ध त्या घरात आजवर भाजी शिजली नव्हती.

मांडवाखाली त्या थांबल्या. कोवळ्या पडवळाच्या शेपटाला दगड बांधला की ते वेटोळं न घालता सरळ खाली उतरतं. आवडाबाईंचे दगड समुद्रावरून वेचून आणलेले, गुळगुळीत, दरवर्षी धुऊन ठेवलेले. त्यातला एकूण एक त्यांना ओळखू येई. कुंपणाकडच्या बाजूला काल एक लांबलचक पडवळ होतं, त्याला पांढऱ्या रेघेचा काळा दगड होता. आज तिथे नुसता देठ होता, आणि तो काळा दगड शेजारच्या बोटभर पडवळाला लोंबत होता.

मान फार वर होत नव्हती, तरी त्या बराच वेळ पाहत राहिल्या. परका चोर दगडासकट पडवळ ओढून पळाला असता. चांगला दगड फुकट जाऊ नये म्हणून तो लगेच दुसऱ्या फळाला बांधणारा हात याच घरातला होता.

आणि काल संध्याकाळी क्रांतीचा भाऊ निकेत मोटारसायकलवरून येऊन गेला होता. काशीदला तो पर्यटकांना घरगुती जेवण घालतो. जाताना त्याच्या हँडलला पिशवी होती. आली तेव्हा ती रिकामी होती, जाताना फुगलेली होती. हे आवडाबाईंनी पडवीतून नीट पाहिलं होतं.

घरात आल्यावर त्यांनी तांदूळ निवडायला घेतले आणि क्रांतीकडे न पाहता म्हणाल्या, “निकेतच्या पाहुण्यांना पडवळ आवडलं का गं?”

“कसलं पडवळ?”

“मला काय ठाऊक? पिशवीत बघणाऱ्यालाच ठाऊक.”

क्रांती विळीवर नारळ खोवत होती. तिचा हात थांबला. “पिशवीत त्याच्या पोरीचा फ्रॉक व्हता. मी शिवलेला. गणपतीला घालायला.”

“फ्रॉक लई लांब शिवलास मग. पिशवीच्या बाहेर शेपूट आलं व्हतं.”

शेपूट वगैरे काही आलं नव्हतं. पण बोलण्याच्या भरात आवडाबाईंना ते दिसल्यासारखं वाटलं, आणि एकदा तोंडातून गेल्यावर त्या मागे घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

क्रांतीने विळी मिटली. आवाज चढवला नाही, हेच वाईट. “आई, आजपासून मी परसात पाय ठेवणार न्हाय. बेत तुमचा हाय, भाजी पण तुमीच खुडा. आन् पंचमी झाली की मी माहेरी जाते. गणराजना मीच सांगेन का ते.”

बाहेर ओट्यावर आवडाबाईंचे यजमान दादूबाबा बसले होते. त्यांनी सारं ऐकलं असावं, कारण ते लगबगीने उठले, मिटलेली छत्री काखेत मारली आणि देवळाकडे जातो म्हणून निघाले. सर सुरू झाली होती. ते फाटकापर्यंत पोचेपर्यंत निथळत होते.

“अहो, छत्री हाय ना हातात?” आवडाबाई ओरडल्या.

“काड्या मोडल्यात गो!” म्हणून ते दिसेनासे झाले.

म्हातारपण आलं, असं मनाशी म्हणून आवडाबाईंनी तो विषय सोडला. त्यांच्यापुढे मोठा विषय होता. त्यांनी परसाच्या बेड्याला, म्हणजे मागच्या फाटकाला, कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

बुधवारी गणपती बसले. आरती झाली, मोदक झाले, आणि दुपारी आवडाबाई परसात डोकावल्या तर आणखी एक पडवळ नाही. दगड पुन्हा शेजारच्या फळाला. कुलूप जसंच्या तसं. त्यांनी कमरेची चावी चाचपली. आंघोळीच्या वेळी ती कोनाड्यात असते. तेवढ्यात कोणी घेऊन परत ठेवली तर? क्रांती दिवसभर चुलीपुढून हलली नव्हती, हेही त्यांनीच पाहिलं होतं. पण संशयाला बसायला जागा हवी असते, आणि आवडाबाईंनी त्याला एक जागा दिली होती. तिथून उठवायला त्यांचं मन तयार होईना. जेवणं झाली. सासू-सुनेत मीठ वाढण्यापुरतं बोलणं झालं. स्वयंपाकघराच्या दाराआड क्रांतीची बॅग भरून ठेवलेली होती.

पंचमीला सकाळी आंघोळ करून आवडाबाई एकट्याच परसात गेल्या. अळू कापलं, माठाचे देठ घेतले, मक्याचं कणीस काढलं. मग मांडवाखाली स्टूल ठेवून त्या सावकाश वर चढल्या. गेली कित्येक वर्षं हे काम क्रांतीचं होतं. हात वर करून त्यांनी उरलेल्या पडवळांतलं त्यातल्या त्यात मोठं पडवळ धरलं. त्याच्या शेपटाला तो पांढऱ्या रेघेचा काळा दगड होता. तो सोडवण्यासाठी त्यांनी गाठीला नख लावलं.

गाठ सुटेना. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली. सुंभाचे दुहेरी वेढे होते आणि टोक खालून आत दडपलेलं. डावीकडून ओढलं तरच ती सुटते.

आवडाबाई स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. ही गाठ बायकांची नव्हे. क्रांती साधी सरगाठ मारते. ही मिठाच्या गोणीच्या तोंडाची गाठ होती. पेणकडच्या मिठागरावर ज्याची उमेदीची वर्षं गोण्या बांधण्यात गेली, त्याच्या हाताची. त्याच हाताने या घरात गाईचं दावं, मांडवाचे वासे, एकदा तर लहानग्या गणराजची चड्डीसुद्धा याच गाठीने बांधली होती, आणि पोरगं दिवसभर रडलं होतं.

आणि छत्री. पडवळ मावेल एवढी लांब छत्री, जी भर पावसात उघडत नाही.

त्या स्टुलावरून उतरल्या, घरातून चालत ओट्यावर आल्या. दादूबाबा देवळाकडे निघण्याच्या बेतात होते.

“छत्री उघडा.”

“पाऊस कुठं हाय?”

“उघडा म्हणते ना.”

“घरात छत्री उघडू नये, तूच म्हणतेस.”

“ओटा हाय हा. उघडा!”

छत्री उघडली. काड्या सगळ्या धड होत्या. आतून वाळलेला पडवळाचा देठ खाली पडला, आणि त्याच्यापाठोपाठ भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास ओट्यावर पसरला. आषाढातल्या अमावास्येपासून गौरी जाईपर्यंत त्या घरात मासळीचं नावही निघत नसे. वेणूबाई कोळणीला तेवढे दिवस फाटकाजवळ टोपली टेकवायची मनाई होती.

“वेणूबाई पडवळाला जीव टाकते,” दादूबाबा छत्रीकडे पाहत म्हणाले. “आन् बोंबील निखाऱ्यावर अशी भाजते...”

“या घराचा नेम मोडलात तुमी!”

“घरात कुठं खाल्लं? तिच्या पडवीत खाल्लं.”

“आन् कुलूप?”

“विहिरीकडनं येतो मी. तिकडं कुंपण कधीपासनं पडलंय. तुलाच सांगायचं व्हतं.”

आवडाबाईंना बोलायला पुष्कळ होतं. पण पाठीमागे स्वयंपाकघराच्या दारात क्रांती उभी होती, आणि तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. हे त्यांनी पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

“तुला ठाऊक व्हतं?”

“व्हतं. बाबांच्या सदऱ्याला वास यायचा. धुते मीच.”

“मग त्या दिवशी बोलली का न्हाईस?”

“तुमी विचारलं कुठं आई?” क्रांती म्हणाली. “तुमी सांगितलंत.”

दादूबाबांनी छत्री हळूच मिटली. आवडाबाईंनी त्यांना तिथेच बसायची खूण केली आणि त्या परसाकडे वळल्या. बेड्यापाशी पोचल्यावर थांबल्या. सून मागे आलेली नव्हती. ती दाराच्या उंबऱ्यातच होती, शब्दाला जागून. आत भाजीला उशीर होत होता, आणि ती भाजी आज एकटीने करणं आवडाबाईंना जमलं असतं. पण पंचमीनंतरचा रविवार, त्यानंतरचा, त्यानंतरचा, हे सारे एकटीने चालायचे होते.

त्यांनी कमरेची चावी काढली.

“क्रांती,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी कधी कोणाला म्हटलं नव्हतं, म्हणून ते जरा वाकडं निघालं. “मी भलतीकडं बोट दाखवलं. निकेतलाही सांग. ही चावी ठेव. येत्या रविवारी बेत तू सांगायचास.”

क्रांतीने चपला घातल्या, येऊन चावी घेतली आणि पदराच्या टोकाला बांधली. “मग आत्ताच सांगते. गौरी गेल्या की दुसऱ्या दिवशी बोंबील. वेणूबाईंकडनं, आन् फाटकातनं, छत्रीतनं न्हाय. बाबांच्या ताटात, आपल्या घरात.”

“भाजलेले का कालवणात?”

“ते मी ठरवेन.”

आवडाबाईंनी ओठ आवळले आणि मान हलवली.

स्टुलावर क्रांती चढली. काळ्या दगडाची गाठ तिच्या हाताशी आली. तिने टोक डावीकडून धरलं, एक हिसका दिला, आणि गाठ सरळ सुटून आली. पडवळ टोपलीत पडलं. पुढच्याच क्षणी तिने तो दगड शेजारच्या कोवळ्या फळाला बांधलाही, दुहेरी वेढ्यांनी, टोक खालून आत दडपून.

आवडाबाई खालून पाहत होत्या. ही गाठ सुनेला कधीपासून येते, हा प्रश्न त्यांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी तिथेच ठेवला, टोपली उचलली आणि पडवळ धुवायला विहिरीकडे निघाल्या.