काढा आता

आबासाहेबांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार डाव्या स्टेअरिंगची होती. टेंभुर्णीच्या रस्त्याला पुढं ट्रक आला की त्यांना पलीकडचं काही दिसायचं नाही. मग उजवीकडं बसलेली त्यांची बायको वैजयंती मान बाहेर काढून सांगायची, “थांबा,” नाहीतर “काढा आता.” लग्नापासून ती त्यांना असंच जिवंत घरी आणत होती.

आज गुफरान मिस्त्रीनं स्टेअरिंग उजवीकडं बसवून गाडी दारात आणली. आबासाहेब खुशीत आत बसले.

“लई झकास. आता ओव्हरटेकला बायकोची कटकट ऐकायला नको.”

गुफरान हसला. वैजयंतीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “मग डावीकडची सीट कशाला ठेवली? तीबी उपटून टाकायची की.”